अठराव्या दिवशी लग्न निघालं, आता काय?

प्रश्न : वय ४७, नोकरी अंबडच्या कारखान्यात, दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत जातो. रिपोर्टमध्ये साखर काठावर आली म्हणून पाडव्याला चालायला सुरुवात केली. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकलेलं, म्हणून कॅलेंडरवर फुल्या मारत गेलो. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर जायचं आणि ४५ मिनिटं चालायचं. सतरा फुल्या झाल्या आणि अठराव्या दिवशी येवल्याला मावसभावाचं लग्न. दोन दिवस तिकडेच मुक्काम. परत आल्यावर वाटलं, आता पुन्हा एकपासून मोजायचं. तो 'एक' काही अजून उजाडला नाही. हा २१ आकडा ठरवला कोणी? आणि माझे सतरा दिवस वाया गेले का?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वाया गेले नाहीत.

आता २१ची जन्मकथा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन न्यूयॉर्कमध्ये होते. नाकाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं. हात किंवा पाय गमावलेल्या रुग्णाला तो अवयव अजून जागेवर असल्याचा भास होतो, तोही साधारण तेवढेच दिवस टिकतो, असं त्यांनी नोंदवलं. हे सगळं त्यांनी १९६० साली 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात लिहिलं. पुस्तक धडाक्यात खपलं. व्याख्यानं देणाऱ्यांनी त्यातला २१ उचलला आणि 'किमान' हा शब्द तिथेच ठेवला. चालण्याचा, जेवणाचा, पहाटे उठण्याचा त्या निरीक्षणाशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे तर दूर्वा एकवीस आणि मोदकही एकवीस, त्यामुळे हा आकडा परका आहे असं कोणाला वाटलंच नाही.

सवय खरोखर किती दिवसांत लागते हे मोजायचा प्रयत्न पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झाला. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी गोष्ट निवडायला सांगितली. कोणी जेवणाबरोबर फळ घेतलं, कोणी पाणी प्यायचं ठरवलं, कोणी धावायचं. अट एकच, ती गोष्ट रोज ठरावीक प्रसंगाला जोडायची. १२ आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपसूक व्हायला लागेपर्यंत मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. सर्वांत लवकर जमलं त्याला १८, आणि सर्वांत मागे राहिलेल्याला २५४ लागतील असं गणिताने निघालं. पाण्याची सवय लवकर लागली, व्यायामाला जवळपास दीडपट वेळ लागला.

तुमच्या कामाची गोष्ट याच अभ्यासात आहे. मधला एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या वेगात फारसा फरक पडला नाही. तुम्ही चालणं सोडलंत ते येवल्याच्या लग्नामुळे नाही. कॅलेंडरवरच्या रिकाम्या चौकोनामुळे सोडलंत. उपास मोडला की 'मोडलाच आहे तर आता पोटभर खाऊ' म्हणतो ना आपण, तसं झालं.

मी शहाणपणा शिकवतोय असं समजू नका. काही वर्षांपूर्वी मी एका व्यायामशाळेत वर्षाची फी एकरकमी भरली होती, सवलत मिळते म्हणून. एकूण एकोणीस दिवस गेलो. विसाव्या दिवशी पाऊस होता. फी भागिले दिवस केलं तर हाती आलेल्या आकड्यात घरी मालिशवाला बोलावता आला असता.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुम्ही राहता इंदिरानगरला आणि चालायला जाता त्र्यंबक रोडला. म्हणजे चालण्यासाठी आधी गाडी काढायची, पार्किंग शोधायचं, चालायचं, परत यायचं. पंचेचाळीस मिनिटांच्या चालण्यासाठी दीड तास लागला. गोल्फ क्लब मैदान छानच आहे. थंडीत तिथे पहाटे अर्धं नाशिक कानटोप्या घालून फिरत असतं आणि निम्म्या शहराचं राजकारण तिथेच ठरतं. पण लांबचं मैदान रविवारी ठीक. रोजची गोष्ट दारातून सुरू व्हायला हवी.

आणि ती एखाद्या जुन्या खुंटीला टांगलेली हवी. घरात नव्या शर्टाला जागा नसली तर आपण नवी खुंटी ठोकत नाही, आहे त्याच खुंटीवर अडकवतो. रोज न चुकता होणारी एक गोष्ट शोधा. तुमच्याकडे ती आहेच. तुम्ही रात्री जेवता.

आपल्या भाषेत यासाठी शब्द तयार आहे, शतपावली. आजोबा जेवून उठले, हात धुतले, पानाचा डबा बाजूला केला की अंगणात येरझारा सुरू. त्यांना कोणी चॅलेंज दिलं नव्हतं. आज जेवणाची जागा सोफ्यासमोर आली आणि अंगण गेलं, त्यात शतपावलीही गेली. गंमत अशी की अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोरेटा डिपिएत्रो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. साठीच्या पुढच्या, साखर काठावर असलेल्या मंडळींना त्यांनी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालवलं. दुसऱ्या खेपेला त्यांनाच एकदम ४५ मिनिटं चालवलं. दिवसभराची साखर दोन्हींनी सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात ठेवायला जेवणानंतरची पंधरा मिनिटं सरस ठरली. माणसं जेमतेम दहा होती, तेव्हा यावरून दिंडी काढायला नको. कारण मात्र साधं आहे. जेवणातली साखर रक्तात उतरत असते त्याच वेळी मांडीचे आणि पोटरीचे स्नायू कामाला लागले की ते ती ओढून घेतात.

फक्त 'शत' शब्दशः घेऊ नका. शंभर पावलं म्हणजे सत्तर मीटर, मिनिटभराचं काम. पंधरा मिनिटांत साधारण दीड हजार पावलं होतात. मी आमच्या इमारतीभोवतीची फेरी मोजली, एकशे चाळीस पावलं भरली. अकरा फेऱ्या. पहिले काही दिवस वॉचमनकाका विचारायचे, 'साहेब, काही हरवलं का?' आता फेरी चुकली तर विचारतात, 'बरं नाही का?'

बारीक युक्ती सांगतो. जेवायला बसण्याआधी चपला दाराशी बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा आणि जेवून उठल्यावर हात धुवून थेट दाराकडे जा. मध्ये सोफा लागला तर संपलं. पहिला आठवडा पाचच मिनिटं फिरा, जास्त नको. येवल्याला पुन्हा लग्न निघालं तर लग्नघराच्या मांडवाभोवती फिरा, नाहीतर दांडी मारा आणि घरी आल्या रात्री परत सुरू करा. फुल्या मारायच्याच असतील तर ओळ अखंड ठेवण्याचा हट्ट नको. महिन्यात पंचवीस झाल्या की झालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पंधरा मिनिटं गुणिले सात म्हणजे १०५ झाली. रविवारी पांडवलेणी चढून या. पायथ्यापासून दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मांड्यांना चांगलं काम लागतं, आणि वर गेल्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचं कोरीव काम पाहायला मिळतं. एवढ्यात १५० गाठाल. चढताना छातीत दुखलं, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, तर पायरीवर बसा, मदतीला हाक मारा आणि तडक रुग्णालय गाठा. साखर काठावर असलेल्या माणसाने एकदा हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

प्रश्न : सुनेने वाढदिवसाला घड्याळ दिलं. ते रोज सांगतं, दहा हजार पावलं पूर्ण करा. माझं वय ६९, गुडघे कुरकुरतात. देवळात, भाजीला, नातवाला बसपर्यंत असं सगळं धरून पाच हजारांच्या पुढे जात नाही. रात्री घड्याळ माझ्यावर रुसतं. दहा हजार नाही झाले तर चालण्याचा उपयोग नाही का?
(एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी)

उत्तर : बाई, घड्याळाला खुशाल रुसू द्या. दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी दिलेलाच नाही. टोकियोला १९६४ मध्ये ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची लाट आली, आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जपानीत 'दहा हजार' लिहायची खूण चालणाऱ्या माणसासारखी दिसते, असंही सांगतात. जाहिरातीचा आकडा तुमच्या मनगटापर्यंत आला तो असा.

२०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या चमूने सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांची पावलं मोजून पुढची चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. पुढे साडेसात हजारांपर्यंत फायदा वाढत गेला आणि तिथे थांबला. तुम्ही पाच हजारांवर आहात, म्हणजे पासाच्या बऱ्याच पुढे. हजारभर वाढवता आली तर वाढवा, गंगेवर जाताना रिक्षा एक चौक आधी सोडा. तेवढ्यापेक्षा मला तुमच्या मांड्यांची जास्त काळजी वाटते. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात न लावता उठा, सावकाश बसा, असं आठ-दहा वेळा, सकाळच्या चहाचं पाणी उकळेपर्यंत. गुडघ्याला आधार मांडीचा असतो. आणि सूनबाईंना सांगून ते लक्ष्य सहा हजारांवर आणून घ्या, सेटिंगमध्ये बदलता येतं.

प्रश्न : घरात माझ्याशिवाय चार माणसं आणि चार डाएट. यजमानांचं दीक्षित, मुलीचं दिवेकर, मुलाला जिमवाल्याने सहा अंडी सांगितलीत, सासूबाईंचं पथ्याचं. स्वयंपाक करणारी मी एकटी. दीक्षित बरोबर की दिवेकर, हे एकदा सांगून टाका.
(एक गृहिणी, नाशिकरोड)

उत्तर : ताई, हा वाद २०१८ पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत झाला आहे आणि प्रत्येक वेळी गुलाबजाम वाढायला आल्यावर मिटला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, बाकी वेळ तोंड बंद, आणि रोज ४५ मिनिटं चाला. मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर सांगतात, आजीच्या स्वयंपाकघरातलं, आपल्या भागात पिकणारं थोडं-थोडं खा, वरण-भात-तुपाला घाबरू नका. ऐकायला दोन टोकं वाटतात. तरी दोघांचंही ऐकलं तर घरातून पहिल्यांदा काय जातं? चारच्या चहाबरोबरचा बिस्किटाचा पुडा आणि टीव्हीसमोरची फरसाणाची वाटी. माझ्या मते वजन उतरवण्याचं निम्मं श्रेय या दोन गोष्टींना आहे आणि ते उगाच गुरूंच्या नावावर जमा होतं. तुमच्या यजमानांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर दोनच जेवणांचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, साखर एकाएकी खाली जाते.

आता तुमच्याबद्दल. चार डाएट सांभाळायचा धंदा आजपासून बंद करा. पातेलं एकच ठेवा आणि बदल त्या पातेल्यातच करा. तो सगळ्यांना आपोआप लागू होतो, कोणाची सही लागत नाही.

सुरुवात तेलापासून. नवा डबा किंवा पिशवी फोडली की त्यावर मार्करने तारीख घाला. एवढंच. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरलं तर तुमच्या पाच जणांच्या घराला महिन्याला सव्वातीन लिटरच्या थोडं वर तेल लागतं. पहिला महिना काही बदलू नका, फक्त तारखा पाहा. आमच्याकडे पाच लिटरचा डबा सव्वा महिन्यात तळाला गेल्याचं दिसलं, आणि घरात आम्ही दोघंच! गुन्हेगार होती फोडणीची पळी. तेलाच्या भांड्यातली खोलगट पळी काढून तिथे पोह्यांचा चमचा ठेवला. भाजीच्या चवीबद्दल आजवर तक्रार नाही. पळीबद्दल मात्र आईने दोनदा विचारलं.

मग वाढण्याचा क्रम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहारसूत्रं दिली, त्यांत निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असावं असं आहे. आपल्याकडे डावी बाजू नावापुरती, चमचाभर कोशिंबीर आणि लिंबाची फोड. काकडी, गाजर, मुळा, मोड आलेली मटकी असं काहीतरी ताटात आधी वाढा आणि पोळ्या दोन मिनिटं उशिरा आणा. भुकेलं माणूस समोर आहे ते खातं. बुधवारी गंगेवरच्या बाजारात पिशवी भरून आणलीत की तीन दिवस निघतात.

भाकरीचंही तसंच. नाशिककरांनी यासाठी फार लांब पाहायला नको. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची नागली पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी घरांतून खाल्ली जाते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हात चाळीसच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केल्यावर ती आकर्षक पुडक्यांतून दुप्पट भावाने मॉलमध्ये आली आणि मग आपल्याला गोड लागली. पण नागलीची बिस्किटं बिस्किटंच असतात. भाकरी खा. आणि मधुमेह्याने 'नागली आहे' म्हणून चार भाकऱ्या खाऊ नयेत, पिष्ट त्यातही आहेच. थापायला अवघड जाते, तडा जातो. पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, म्हणजे सुटत नाही. थंडीत बाजरी, एरवी ज्वारी, आठवड्यातून दोनदा नागली, एवढं पुरे.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारतो. या चौघांच्या तब्येतीच्या धावपळीत तुम्ही कधी चालता? सकाळचे साडेसहा ते सात तुमचे. त्या वेळात चहा ज्याला लागेल तो करून घेईल. हे पान फ्रिजवर चिकटवा.

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी वीस किलोमीटर सायकल चालवतो आणि शेवटी मिसळ खातो. हिशेब बरोबर सुटतो ना?
(एक तरुण, कॉलेज रोड)

उत्तर : सुटत नाही. आरामात वीस किलोमीटर मारले तर ढोबळमानाने चारशे-पाचशे कॅलरी जातात. एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास असतात, आणि तर्रीवर तरंगतं ते काय हे तुम्हाला माहीत आहे. वर फरसाण, पाव, पापड, जाताना जिलेबी.

पण हा हिशेब मांडूच नका, ही माझी विनंती. सायकलवर खर्च केलं आणि मिसळीत वसूल केलं, असं सुरू झालं की पावसाळ्यात सायकल थांबते आणि मिसळ चालू राहते. नाशिकला सायकलीचं वेड लागलं त्यात डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचा मोठा वाटा. २०१५ मध्ये दोघांनी मिळून अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर शहरात किती महागड्या सायकली घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या किती आज बाल्कनीत कपडे वाळवतात, हे आपापल्या बाल्कनीत जाऊन पाहावं. तुमची वाळवत नाही, हीच मोठी गोष्ट.

मिसळ महिन्यातून दोनदा खा आणि मनापासून खा. तर्री एकदाच घ्या, फरसाण वेगळं मागवून वरून मूठभर घाला. मटकी, कांदा, लिंबू मात्र मागून घ्या. मिसळीतला पौष्टिक भाग तळाशी असतो आणि आपण वरचाच संपवून उठतो.

प्रश्न : माझं वजन ६१ किलो. सडपातळ आहे. मित्रांनी चालायला चला म्हटलं की हसू येतं. मला काय गरज?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस काट्यावर बारीक आणि आतून जाड असतो, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलं नसेल. काटा बाजूला ठेवा. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीला गुंडाळा, पोट आत न ओढता. पुरुषाला ९० सेंटिमीटर, स्त्रीला ८०. त्याच्या पुढे भरलं तर मित्रांबरोबर चालायला जा. आत भरलं तरी जाच, ते बोलावताहेत तोवर.

ता. क. : 'किती दिवसांत किती किलो' अशी पत्रं पुष्कळ येतात, त्यांना या सदरात उत्तर मिळणार नाही. शतपावली सुरू करणाऱ्यांनी वजन कळवू नये. पहिला खंड कितव्या दिवशी पडला, कशामुळे पडला आणि कितव्या दिवशी पुन्हा चपला घातल्या, एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. इंदिरानगरच्या वाचकांचं कार्ड आधी यावं, अशी वाट पाहतो.